जित्या खुंट्याचा भाव

अंजूर,
रविवार, १९ फेब्रुवारी २००६

ती. दादा,

दिवाळीनंतर तुला एकही पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. कारण म्हणून ‘कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी होती’ असं लिहिलं होतं, ते आत्ताच खोडलं. मोजणी होती, पण ती जानेवारीत अकरा दिवसांत संपली. उरलेल्या दिवसांचं कारण माझ्यापाशी आहे, पण ते नीट लिहिता येत नाही. फोन करावा, तर भिलाईच्या कारखान्याने तुझे कान खाल्लेत. मागच्या वेळी मी ‘खोकला झालाय’ म्हटलं, तर तू ‘कोण आलाय?’ असं विचारलंस.

आता कामाचं. जुलैच्या पुरात खाडीच्या पाण्यात उभी राहून मेलेली झाडं डिसेंबरात तोडून झाली. लाकूड वखारवाल्याने नेलं, पैसे तुझ्या खात्यात भरले. वाडीत आता खोडं उरली आहेत, गुडघ्याएवढी. तू एप्रिलअखेर निवृत्त होऊन मेमध्ये घराचा पाया घालणार, तर ती मुळासकट निघायला हवीत. मुळं आत राहिली की कुजतात, जमीन बसते आणि वाळवी थेट चौकटीत येते, असं मिस्त्री सांगतो.

जेसीबी आपल्या वाडीत येत नाही. दोन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती झाल्यापासून आपली वाट हातगाडीपुरती उरली आहे. तेव्हा माणसं लावूनच खणायला हवं. म्हणून टेमघरला लडकूशेठकडे गेले होते. माती-मुरुमाची कामं तेच घेतात. त्यांचा लूमचा कारखाना चालू होता, चोवीस लूम एकदम. मी ओरडून विचारलं, त्यांनी ओरडून सांगितलं, ‘‘गुंठ्याला सातशे! एक रुपया कमी न्हाय!’’ आपली वाडी अकरा गुंठे. म्हणजे सात हजार सातशे.

खोडं काढायचा भाव गुंठ्यावर कसा, असं मला क्षणभर वाटलं. पण अंजुरात हल्ली सगळं गुंठ्यानेच मोजतात. परवा एका लग्नाच्या बोलणीत मुलगा किती शिकलाय हे कुणी विचारलंच नाही, ‘तो चाळीस गुंठ्यांचा हाय’ एवढ्यावर काम झालं. शिवाय मला हा हिशेब बरा वाटला. खोडं मोजायला नकोत. का बरा वाटला, ते रोजनिशीत लिहिलंय.

वहिनींना नमस्कार.

कमळ

उद्या: लडकूशेठना होकार कळवणे.

(आपले नाना रोजनिशीच्या तळाला उद्याचं एकच काम लिहीत, ती सवय मला पत्रातही लागली आहे. हसू नकोस.)


भिलाई,
शनिवार, २५ फेब्रुवारी २००६

चि. कमळ हिला आशीर्वाद,

चार महिन्यांनी पत्र, आणि त्यात खोडलेलं कारण! बाई, तुझी खोडं काढायला सातशे पुरायचे नाहीत. एक खोड पत्र उशिरा लिहायची, दुसरी माफी मागायची, आणि तिसरी, मागितलेली माफी पुन्हा तपासून बघायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असं ऐकलं होतं. आपल्याकडे झाडं मेली तरी खोडं जात नाहीत, आणि वर गुंठ्याला सातशे!

असो. सात हजार सातशेचा ड्राफ्ट सोबत आहे. घासाघीस करू नकोस, तुला जमत नाही. मागे तू भाजीवाल्याला दोन रुपये जास्त देऊन आली होतीस, तो दमलेला दिसला म्हणून.

इथली बातमी अशी. आमच्या कॉलनीशेजारी एक नवी इमारत झालीय. माझ्याबरोबर निवृत्त होणारे चौघे तिथे फ्लॅट घेताहेत. तुझ्या वहिनीला सगळे सांगतात, पाणी चोवीस तास, दवाखाना समोर, कशाला जाता त्या गोदामांच्या जंगलात? तिचंही मन मधे डळमळलं होतं. मी तिला दारच्या आंब्यावर राजी केलंय. म्हटलं, गोदामं असू देत, आपल्या दारात आंबा आहे. पुराने सात झाडं नेली पण तो उभा आहे, असं तू ऑगस्टात लिहिलं होतंस ते पत्र तिला वाचून दाखवलं. तो आंबा नसता तर मी कुठल्या तोंडाने तिला तिकडे बोलावलं असतं, सांग. करिष्मा बापासाठी कॉम्प्युटरवर घराचा नकाशा काढतेय. त्यात दारासमोर एक हिरवं वर्तुळ आहे. आधी वर्तुळ काढलं, मग घर.

तर तीन प्रश्नांची उत्तरं दे. यंदा मोहोर कसा आहे? सावली अजून ओट्यापर्यंत येते ना? आणि मी सप्टेंबरात कळवलं होतं तशी नखाने साल खरवडून पाहिलीस ना? आत हिरवं असेल तर होळीपर्यंत थांबायचं, झाड परत येतं.

रामनाथदादा

उद्या: काही नाही. रविवार आहे.


अंजूर,
रविवार, १२ मार्च २००६

ती. दादा,

ड्राफ्ट मिळाला.

लडकूशेठनी दिघाशीहून दोन माणसं पाठवली आहेत, वाघ्या आणि त्याची बायको सखी. साडेआठला येतात. वाघ्या खोडाभोवती खणतो, मुळं उघडी पाडतो, मग कुऱ्हाडीने एकेक तोडतो. शेवटी दोघं पहार घालून खोड उलथतात. मुळं सखी सरपणाला नेते, ते ठरलेलंच आहे. मला वाटायचं हे ताकदीचं काम. तसं ते नाही. वाघ्या पहिला अर्धा तास नुसता बसून बघतो, मूळ कुठे गेलंय ते. मी म्हटलं, ‘‘तुम्ही तर अभ्यास करताय.’’ तो म्हणाला, ‘‘ताई, वर झाड दिसतं तेवढंच खाली असतं. फकस्त उलटं.’’

जांभळीला अडीच दिवस लागले. पहारीवर दोघांनी भार टाकला तरी ती जागची हलेना. तेव्हा सखी म्हणाली, ‘‘खुंटा हाय का माझी सासू? हलतच न्हाय!’’ वाघ्याने पहार सोडली आणि खाली बसून हसला. ‘‘आईला सांगू का?’’ ‘‘सांग की. तिला सांगून खुंटा निघत आसंल तं आत्ता जा.’’ मी खिडकीत उभी राहून ऐकत होते. किती महिन्यांनी या वाडीत कुणी हसलं असेल. आई गेल्यापासून मी एकटीच, आणि एकटं माणूस मोठ्याने हसत नाही, बरं दिसत नाही.

दुपारी चहा दिला तेव्हा सखीने दाराकडे बोट केलं. ‘‘ताई, त्या डालग्याखाली कोंबडी हाय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग पालथं कशाला घातलंय?’’

मी आणखी चहा आणते म्हणून आत गेले.

तुझे प्रश्न. मोहोर: यंदा नाही. सावली: ओट्यावर सकाळी नऊपासून ऊन असतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सवडीने देईन. वरच्या दोन्ही ओळी खऱ्या आहेत, एवढं मात्र म्हणते.

फ्लॅटबद्दल वाचलं. दवाखाना समोर असणं ही मोठी सोय आहे, हे मला मान्य करायला हवं. तुम्ही इकडेच यावं असं मला वाटतं, पण ते माझ्या सोयीसाठी वाटतं की तुमच्या, याचा विचार करते आहे.

कमळ

उद्या: चिंचेचं खोड.


भिलाई,
सोमवार, २० मार्च २००६

चि. कमळ,

मोहोर नाही, ही काळजीची गोष्ट आहे. पुराचा धक्का असणार. ताबडतोब असं कर. बुंध्याभोवती हातभर लांब आळं करून त्यात दोन पाट्या शेणखत घाल. संध्याकाळी खाली पालापाचोळ्याचा धूर कर, धुराने झाड जागं होतं. सावली कमी झाली म्हणजे पानं अजून विरळच असणार. वरच्या फांद्या छाटून घेऊ नकोस, मी आल्यावर बघू.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘‘ह्यात आंबा कुठे आहे?’’ मी म्हटलं, हा काय, मोहोर नाही म्हणून लिहिलंय. त्यावर ती नुसतं ‘‘हं’’ म्हणाली. सव्वीस वर्षं झाली, या ‘हं’चा अर्थ मला लागलेला नाही.

भूमिपूजन रविवारी ७ मेला. गुरुजींनी दिवस काढून दिलाय. कलशात घालायला पाच पानं लागतील, ती दारच्याच आंब्याची काढायची. बाजारातली चालणार नाहीत. नानांनी जुन्या घराच्या वेळी त्याच झाडाची घातली होती.

नकाशा सोबत पाठवतोय. हिरवं वर्तुळ बघ.

दादा

उद्या: प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांवर सह्या. तुझी सवय लागली.


अंजूर,
मंगळवार, २८ मार्च २००६

ती. दादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन्ही खर्ड्यांत हिशेब बरोबर होता आणि गोष्ट चुकीची.

दारचा आंबा नाही. मी तो तोडवला. ११ डिसेंबरला, बाकीच्या सात झाडांबरोबर.

ऑगस्टात तो उभा होता, हे खरं. दिवाळीपर्यंत एकही पान राहिलं नाही. तोडणारे आले तेव्हा मुकादम म्हणाला, हाही गेलाय, आत्ता काढला तर याच ट्रकमध्ये जाईल, पुन्हा यायचं तर वेगळे पैसे. मी ‘तोडा’ म्हटलं. तुझं साल खरवडायचं पत्र कपाटात होतं. मला ते आठवलं होतं. विसरले असते तर निदान विसरले असं म्हणता आलं असतं. नख लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. सबंध वाडीतून करवतीचा आवाज येत होता, मी तीन दिवस चिखलात उभी होते, आणि मला ते सगळं एकदाचं संपायला हवं होतं. यापलीकडे कारण सापडत नाही. खोडाकडे बघवेना म्हणून त्यावर आईचं कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. म्हणून पत्र नाही.

आता पुढचं. शनिवारी लडकूशेठ काम बघायला आले.

‘‘कमळताय, सात खुंटे निघाले. सातशेनी चार हजार नऊशे.’’

मी म्हटलं, ‘‘अकरा गुंठ्यांचे सात हजार सातशे ना?’’

ते माझ्याकडे बघत राहिले. ‘‘गुंठ्याला कोन बोल्ला? खुंट्याला बोल्लो मी! खुंटा काढायचा तं खुंट्याचाच भाव ना! गुंठ्याचा कुठनं आला?’’

वाघ्या म्हणाला, ‘‘गुंठ्याला म्हंजे मोकळ्या जागेतनं काय काढायचं होतं, ताई? हवा?’’

सखीला हसू आवरेना. मलाही आलं. तुझे कान भिलाईने खाल्ले, माझे लूमने. महिनाभर ही दोघं माझ्यासमोर खुंटा खुंटा म्हणत होती, तरी माझ्या डोक्यात गुंठाच. आपण त्याला खोड म्हणतो ना.

तेवढ्यात लडकूशेठनी विचारलं, ‘‘आनि हा आठवा?’’ आणि पायाने डालगं उचललं.

खाली फुटवे होते. दोन. अंधारात वाढल्यामुळे पांढुरके, टोकाला तांबूस. वाघ्या उकिडवा बसला, नखाने साल खरवडली. आत हिरवं. दादा, त्याने ते एवढ्या सहज केलं.

‘‘हा जिता हाय,’’ तो म्हणाला. ‘‘मेल्याचे सातशे. जित्याचे दोन हजार लागतील.’’

‘‘तिप्पट?’’

‘‘बरोबर बोलतो तो,’’ लडकूशेठ म्हणाले. ‘‘मेलेलं मूळ सोडतं. जितं धरून ठेवतं. चार दिवस जातील त्याचे.’’

मी म्हटलं, उद्या सांगते.

आता जे लिहिते ते लिहायला सगळ्यात जड आहे. हा भाव ऐकून मला आनंद झाला. कारण दोन हजार माझ्याकडे होते. ते माझ्या पदरचे देऊन खुंटा काढायचा, जागा सारवून घ्यायची, तुला सात खुंट्यांचे चार हजार नऊशे लिहायचे, उरलेले पाठवायचे. आंबा उन्हाळ्यात वठला म्हणून मेमध्ये कळवायचं. तोवर तुमचं सामान निघालेलं असेल. दोन हजारांत खोटं विकत मिळत होतं, आणि तेही मुळासकट काढून. काल बँकेतून पैसे काढले. आज पर्समध्ये घेऊन कॉलेजला गेले आणि तसेच परत आणले. आज वाघ्याने पुन्हा विचारलं, ‘‘काढू का ठेवू?’’ मी ‘उद्या सांगते’ म्हटलं, तर सखी म्हणाली, ‘‘चार दिस झाले, ताईचा उद्या काय उगवत न्हाय.’’

मग तुझी पाच पानं आठवली. ती मी शेजारच्या रंगूबाईच्या झाडाची आणून दिली असती, तुला कळलं नसतं. परवा पाडवा आहे, गुढीचा टहाळा तिच्याचकडून आणावा लागणार आहे. पण पानं झाली की पुढे काय? धुराचं काय लिहायचं, शेणखताचं काय? तुझ्या प्रत्येक प्रश्नाबरोबर माझ्या खोट्याला एक फांदी फुटत होती. खऱ्या आंब्याला फुटले त्यापेक्षा जास्त.

सात खुंट्यांचे चार हजार नऊशे चुकते केले. उरलेल्या दोन हजार आठशेचा ड्राफ्ट सोबत आहे. आठवा तसाच आहे. तो काढायचा की ठेवायचा ते तू कळव. आणि वहिनींना हे पत्र दाखव. त्या आंब्यावर राजी झाल्या होत्या, तेव्हा त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे.

कमळ

उद्या: पत्र टाकणे. (नको. आजच टाकते.)


भिलाई,
मंगळवार, ११ एप्रिल २००६

चि. कमळ,

या वेळी उशीर माझा आहे. माफी मागत नाही, मला ती सवय नाही.

राग आला. चार दिवस बोललो नाही. तू इथे नाहीस, म्हणून तुझ्या वहिनीशी बोललो नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, ‘‘आता पुरे. वन्सं तिथे मांडीएवढ्या चिखलात उभ्या होत्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?’’ मी म्हटलं, रजा नव्हती. ती म्हणाली, ‘‘रजा होती. सतरा दिवस. साचलेली रजा पैशांत मिळते म्हणून ठेवली होतीत.’’

ते खरं आहे, कमळ. मी तुला रजा नाही असं लिहिलं होतं. साल खरवडून बघ, हे हजार किलोमीटरवरून कुणीही लिहील. तेव्हा तुझ्या खोट्याला दोन हजार, माझ्याला सतरा दिवसांचा पगार. मी महाग पडलो.

आता कामाचं. आठवा खुंटा काढायचा नाही. करिष्माने नकाशात घर तीन फूट मागे सरकवलं. एक बोट लागलं. लडकूशेठला विचार, एवढ्या कामाचे तो किती घेईल, आणि खुंट्याला की गुंठ्याला.

आणखी एक. मी जेवताना म्हटलं, काय गोड आंबा होता. त्यावर तुझी वहिनी घास हातात धरून थांबली. पुढचं तिलाच लिहू दे. तुझा ड्राफ्ट परत पाठवतोय. हे पैसे असे किती वेळा अंजूर-भिलाई करणार आहेत?

दादा

वन्सं, नमस्कार.

‘यंदा मोहोर नाही’ वाचलं तेव्हाच मला कळलं. तुम्ही तुळशीची एक फांदी मोडली तेव्हा मला दीड पान लिहिलं होतं. आंब्याबद्दल दोन ओळी? पण तुम्ही सांगाल याची खात्री होती म्हणून गप्प राहिले.

आंबा गोड नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला त्यातला पिकलेला निवडून दिला. नवी सून, थुंकता येईना. गिळला. तो लोणच्याचा आंबा, वन्सं, तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे, मग झालंय काय तुम्हाला? शिवाय खाली लाल मुंग्या.

मी आंब्यावर राजी झाले असं यांना वाटतं, वाटू द्या. इथे पाणी चोवीस तास येईल, पण दुपारी बोलायला कुणी नाही. तुम्ही थोडं बोलता, पण एवढा विचार करून बोलता की मला ते दिवसभर पुरतं. ३ मेच्या गाडीची तिकिटं काढली आहेत. दोन ट्रंका आधी येतील.

सुवर्णा


अंजूर,
रविवार, २३ एप्रिल २००६

ती. दादा आणि वहिनी,

पत्र ग्रंथालयात आलं. मी ते दोन कपाटांच्या मधे उभी राहून वाचलं आणि मोठ्याने हसले. सगळं वाचनालय बघायला लागलं. ज्या भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी मीच लावलेली, तिच्याच खाली.

वहिनी, तुमचं खरं आहे. तो आंबट होता. मी आठवून पाहिलं. मी तो कधीच गोड म्हणून खाल्ला नाही, मीठ-तिखट लावूनच खाल्ला. मग चार महिने मी नेमकी कशासाठी रडत होते, हे तपासायला हवं. पण सवडीने. (दादा, ही चौथी खोड धर.)

वाघ्याला सांगितलं, खुंटा ठेवायचा. तो म्हणाला, ‘‘माझे दोन हजार गेले.’’ पण चेहरा तसा नव्हता. फुटव्यांना ऊन लागायला हवं म्हणून डालगं काढलं. आठवडाभरात पानं तांबूस झाली, बोटभर लांब. आठ होती. मी रोज कॉलेजला जाताना मोजत होते.

गुरुवारी परत आले तर चार. रंगूबाईची शेळी ओट्याजवळ उभी, तोंड हलतंय.

मी रंगूबाईला हाक मारली. ती कुंपणापलीकडून म्हणाली, ‘‘तिला काय कळतं गो, कुनाच्या दारचं ता!’’

‘‘कोवळं कुठलं ते बरं कळतं!’’ हे मी नाही, सखी म्हणाली. ती सरपणाची शेवटची मोळी न्यायला आली होती. तिने मोळी तिथेच टाकली, वाघ्याला बोलावलं, आणि दोघांनी त्या मुळांचंच खुंट्याभोवती कुंपण केलं. जांभळीची, चिंचेची, फणसाची वेडीवाकडी मुळं उभी रोवून. बाहेरून कुणी बघितलं तर वाटेल, झाड उलटं लावलंय. मी पैसे विचारले. वाघ्या म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ द्या, ताई.’’ सखी म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या कसं? शंभर द्या.’’ मी दीडशे दिले. दादा, हो, मला माहीत आहे.

त्या दोन हजार आठशेतले हे दीडशे. बाकीचे मी परत पाठवत नाही. ट्रंका ठेवायला आतल्या खोलीला नवा दरवाजा बसवून घेतेय. तुम्ही आल्यावर बघून सांगा.

राहिला पानांचा प्रश्न. चार आहेत, कलशाला पाच हवीत. आज सकाळी वाकून पाहिलं. उंच फुटव्याच्या शेंड्याला नव्या पानाची एक डिरी आली आहे, काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढी, लाल. भूमिपूजनाला चौदा दिवस आहेत. होईल असं मला वाटतं. का वाटतं, ते तपासलेलं नाही.

तुमची,
कमळ

उद्या: खुंट्याला पाणी घालणे.